पाऊण सीसी

मराठीत 'पाऊण' हा शब्द आहे हे आपलं नशीबच म्हणायचं. इंग्रजीत ज्याला बिचारे 'पॉइंट सेव्हन फाइव्ह' म्हणत बसतात, त्या इंजिनाला आपण सरळ पाऊण सीसी म्हणून मोकळे होतो. चहाच्या चमच्यात पाच सीसी पाणी मावतं, त्यावरून अंदाज करा. आपल्या घरची जुनी दीडशे सीसीची स्कूटर आठवत असेल, तर तिच्या इंजिनाचा हा दोनशेवा भाग. तरीही त्यात सिलिंडर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट सगळं असतं, ते खरंखुरं इंधन जाळतं आणि पंखा लावला की मिनिटाला सात-आठ हजार फेरे मारतं.

घरातल्या बऱ्याच जणांना माझ्या टेबलावर एरंडेलाचा वास का येतो हे कोडं आहे. एका वहिनींनी तर 'पोट बरं नाही का?' असंही काळजीने विचारलं :) तर त्या वासामागची हकिकत आज सांगतो. थोडी लांबेल, कारण सुरुवात अमेरिकेतून करावी लागणार.

खेळण्यातलं विमान यंत्राने उडवायची धडपड खऱ्या विमानाच्याही आधीची आहे. सॅम्युअल लँग्लीने १८९६ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचं मॉडेल जवळजवळ एक किलोमीटर उडवलं होतं. पण तो मोठा शास्त्रज्ञ, त्याच्यामागे संस्था. सामान्य पोराच्या हातात इंजिन आलं ते १९३० नंतर, फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊनमुळे. स्वतः पोरसवदा असतानाच त्याने सुमारे दहा सीसीचं, ठिणगीवर चालणारं पेट्रोल इंजिन बनवलं. १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट हे इंजिन लावलेलं विमान घेऊन गेला. बाकी सगळ्यांची विमानं पिळलेल्या रबरावर उडणारी. रबर एक-दोन मिनिटांत उलगडून संपतं, याचं इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालणार. बॅसेटने बक्षिसं उचलली आणि आयोजकांना पेट्रोलच्या विमानांचा गट वेगळा काढावा लागला. १९३४ मध्ये 'ब्राऊन ज्युनियर' विकायला आलं, किंमत साडेएकवीस डॉलर. महामंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. तरी पोरांनी पेपर टाकून, गवत कापून पैसे साठवले आणि ते घेतलं.

इथे एक आडवळण घेतो, कारण गोष्ट सोडवत नाही. रेजिनाल्ड डेनी नावाचा ब्रिटिश नट हॉलिवूडमध्ये होता. त्याला मॉडेल विमानांचं वेड लागलं, त्याने दुकान काढलं, वॉल्टर रायटर या कारागिराकडून 'डेनीमाइट' नावाचं इंजिन करवून घेतलं. पुढे त्याच्या डोक्यात आलं, की रेडिओवर उडणारं मोठं मॉडेल सैन्याला तोफांच्या सरावासाठी निशाण म्हणून विकता येईल. त्यातून 'रेडिओप्लेन' कंपनी उभी राहिली आणि युद्धात तिने सुमारे पंधरा हजार विमानं पुरवली. युद्धाच्या अखेरच्या काळात डेव्हिड कॉनोव्हर नावाचा लष्करी छायाचित्रकार त्या कारखान्यात कामगार बायकांचे फोटो काढायला गेला. त्यातली नॉर्मा जीन नावाची एक तरुणी पुढे मेरिलिन मन्रो झाली! चालकाशिवाय उडणारं लष्करी विमान आणि मेरिलिन मन्रो, दोन्ही एका छंदिष्ट नटाच्या दुकानातून निघाली म्हणायला हरकत नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

ब्राऊनच्या इंजिनाची खरी अडचण इंजिनात नव्हतीच. ठिणगी पाडायला प्लग लागतो, प्लगला कॉइल, कॉइलला कंडेन्सर आणि बॅटरी. हा सगळा बोजा विमानाने वाहायचा. इंजिन लहान करता येईल हो, पण कॉइल कुठे लहान होते? म्हणजे ठिणगी आहे तोवर पाऊण सीसीचं स्वप्न बघायची सोय नव्हती. या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. एक अमेरिकेत, एक युरोपात.

अमेरिकेतली वाट रे आर्डनची. १९४७ च्या अखेरीस त्याने 'ग्लो प्लग' बाजारात आणला. यात ठिणगी नाही. प्लॅटिनमच्या तारेचं एक बारीक वेटोळं. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करायचं, इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. इंधन मिथेनॉल. प्लॅटिनमच्या सान्निध्यात मिथेनॉलची वाफ उष्णता देत राहते, शिवाय आधीच्या स्फोटाची धग असतेच, त्यामुळे तार लालच राहते. कॉइल, कंडेन्सर, बॅटरी सगळं जमिनीवर राहिलं. एका प्लगने आख्खं वजन पुसून टाकलं.

युरोपातली वाट मला जास्त आवडते, कारण तिच्यात प्लगच नाही. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट थालहाइमने १९२८ मध्ये दाबावर पेट घेणाऱ्या छोट्या इंजिनाचं पेटंट घेतलं आणि १९४१ मध्ये 'डायनो' हे दोन सीसीचं इंजिन आलं. याला सगळे डिझेल म्हणतात, पण डिझेलचा थेंबही यात नसतो. इथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारख्या भागात. इथर थोड्या उष्णतेनेही पेट घेतं, रॉकेल ताकद देतं, एरंडेल वंगण. सिलिंडरच्या वरच्या तोंडाला आणखी एक पिस्टन उलटा बसवलेला असतो आणि डोक्यावर एक छोटी दांडी. दांडी पिळली की उलटा पिस्टन खाली सरकतो, दाब वाढतो. पंख्याला बोटाने फटका मारायचा, दांडी किंचित पिळायची, पुन्हा फटका. दाब जमला की इंजिन खाकरतं आणि धावायला लागतं. दाब जास्त झाला तर पंखा उलटा येऊन बोट सोलून काढतो. (ज्यांनी हे केलंय त्यांच्या उजव्या तर्जनीकडे बघा.)

युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये वस्तूंची टंचाई होती, त्यामुळे कॉइल-बॅटरीवाचून चालणारं इंजिन तिथे हातोहात खपलं. १९४६ मध्ये मिल्स कंपनीचं १.३ सीसी आलं, मग चाळीसच्या दशकाच्या अखेरीस धाकटा भाऊ, आपला पाऊण सीसी. एकाहून एक सरस इंजिनं त्या काळात झाली. नॉटिंगहॅमच्या ऑलिव्हर बाप-लेकांनी तर हाताने घासून बसवलेली 'ऑलिव्हर टायगर' बनवली, शर्यतीतले लोक तिच्यासाठी ताटकळत थांबायचे. पण मिल्सचा मान वेगळा, कारण तिच्यात काही बिघडण्यासारखंच नाही. हवा आणि इंधन आत घेण्यासाठी वेगळी झडप नाही. सिलिंडरच्या मागच्या बाजूला एक भोक, पिस्टन वर गेला की त्याच्या खालच्या कडेखालून ते उघडतं, खाली आला की बंद. जाताना जितकं उघडं तितकंच येताना. त्यामुळे ही इंजिनं उलटीसुद्धा तितक्याच आनंदाने फिरतात! नवशिक्याने पंखा कुठल्याही बाजूने मारावा, ती रागवत नाहीत.

अमेरिकेत मात्र कॅलिफोर्नियातल्या रॉय कॉक्सने गणितच बदललं. त्याने गॅरेजमध्ये लाकडी बंदुका बनवून सुरुवात केली होती. पन्नासच्या दशकात त्याने ०.०४९ घनइंचाची, म्हणजे ०.८ सीसीची ग्लो इंजिनं काढली. त्यातली 'बेब बी' (१९५६ च्या सुमारास) सर्वांत गाजली. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून कापलेला क्रँककेस, मागे इंधनाची टाकी जोडलेली, डोक्यालाच ग्लो प्लग. हात लावायचं काम कमी, यंत्राने अचूक कापायचं काम जास्त. किंमत चारेक डॉलर. ब्राऊनच्या साडेएकवीस डॉलरशी ताडून बघा. बिल अ‍ॅटवूड या जुन्या जाणत्याने कॉक्ससाठी १९६०-६१ मध्ये 'टी डी' मालिका रचली. तिच्यातलं सर्वांत लहान ०.०१० घनइंचाचं, सिलिंडरचा व्यास फक्त सहा मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला पंचवीस हजारांच्या वर. त्याचा आवाज इंजिनाचा वाटत नाही, डास कानाशी येऊन चिडला तर जसा वाटेल तसा येतो. १९९६ मध्ये एस्टीझने कॉक्स घेतली. तोवर बॅटरीवरच्या मोटरींचे दिवस सुरू होत होते. २००९ च्या सुमारास उरलासुरला साठाही विकला गेला, त्यातला मोठा भाग कॅनडात गेला.

आता आपल्याकडे. परवान्यांच्या काळात परदेशी इंजिन मागवणं म्हणजे दिवास्वप्न. पण एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग होतं आणि गरज तर होती. कलकत्त्याच्या 'अरोरा'ने मिल्सचा पाऊण सीसी इथे बनवायला घेतला. मूळ कंपनीचं काम थांबलं, पण कलकत्त्यातून तेच रूप पुढे चालू राहिलं आणि नंतर उलटी गंगा वाहून ही इंजिनं इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांकडे गेली. तिथे ती 'इंडियन मिल्स' म्हणूनच ओळखली जातात. मला याचा उगीचच अभिमान वाटतो.

नानाकाकांच्या पत्र्याच्या डब्यात एकूण नऊ इंजिनं निघाली. तीन 'अरोरा', दोन 'बेब बी' (सत्तरच्या दशकात कुणीतरी अमेरिकेहून आणलेली), एक इ.डी. कंपनीचं एक सीसीचं 'बी', दोन मला अजून न ओळखता आलेली, आणि एक खरंखुरं ब्रिटिश मिल्स, पाऊण सीसी. हे शेवटचं त्यांनी मुंबईच्या चोरबाजारात घेतलं होतं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या दादाचं म्हणणं, सगळं एकदम विकावं आणि पैसे सारखे वाटावेत. त्याचं चूक आहे असं नाही. नऊ इंजिनं नऊ घरांत गेली तर सहा महिन्यांत आठ माळ्यावर जातील.

म्हणून मी इंग्लंडमधल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. गृहस्थ सज्जन, उत्तरही लगेच दिलं. अरोरा आणि बेब बी यांना त्याने ठीकठाक किंमत सांगितली. मिल्सबद्दल मात्र लिहिलं की, याच्यात फार ढवळाढवळ झालेली आहे. दाबाची दांडी मूळची नाही, टाकी मूळची नाही, उलटा पिस्टन कुणीतरी लेथवर केलेला दिसतो आणि खालचा पिस्टन कापलेला आहे. त्याचा सल्ला असा, की अरोराचा पिस्टन-सिलिंडर काढून यात बसवावा, दांडी-टाकी नवी मिळते ती लावावी, म्हणजे दिसायला मूळ होईल आणि तो घेईल.

त्याची बाजू समजून घेतली पाहिजे. संग्राहकाच्या जगात सर्वांत मौल्यवान इंजिन म्हणजे खोक्यासकट, कागदांसकट, कधीही न चाललेलं. त्यामुळेच तर सत्तर वर्षांपूर्वीची इंजिनं कारखान्यातून निघाली तशी आज बघायला मिळतात. सगळ्यांनी कानशी चालवल्या असत्या तर आपल्याला मूळ माप कुठून कळलं असतं? हे सगळं मान्य. पण चालवायलाच बनवलेल्या वस्तूला न चालल्याबद्दल बक्षीस मिळतं, ही गोष्ट मला पचत नाही ती नाहीच.

आणि काकांनी जे केलं ती ढवळाढवळ नव्हती. डब्यात एक वही होती, बारीक अक्षरात, बहुतेक किराण्याचा हिशेब वाटावा अशी. दांडी म्हणजे सायकलच्या स्पोकचा वाकवलेला तुकडा. टाकी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीची. उलटा पिस्टन त्यांनी बिडाचा केला, कारखान्याच्या टूलरूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत. तो फार घट्ट झाला तर दाब कमी करताना वर परत येत नाही, सैल झाला तर दाब निसटतो. वहीत तीन वेळा 'घट्ट', एकदा 'सैल, फुकट' आणि मग 'बरा' असं लिहिलंय. म्हणजे पाच केले. आज ज्याला संग्राहक बदललेला भाग म्हणतो तो पाचवा.

पिस्टन कापण्याचं कारणही आहे. मघाशी सांगितलं ते मागचं भोक पिस्टनच्या खालच्या कडेखालून उघडतं. ती कड मागच्या बाजूला थोडी घासली, तर भोक लवकर उघडतं आणि उशिरा बंद होतं. हवा-इंधन घ्यायला जास्त वेळ, फेरे जास्त. बदल्यात सुरू व्हायला नखरे आणि हळू चालताना थोडी उलटी थुंकी. काकांनी सुमारे अर्धा मिलिमीटर घासलाय. मी मोजला.

पण वहीतली एक नोंद मला कित्येक दिवस कळत नव्हती. घासण्याआधीच्या तारखेला 'का. ५', नंतरच्या तारखेला 'पां. १'. मला वाटलं काहीतरी माप असेल, पंख्याचं किंवा सुईचं. मग एका रविवारी रेडिओवर पेटीवादन लागलं होतं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. काळी पाच आणि पांढरी एक! फेरे मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. आजीची पेटी होती. हे इंजिन एका फेऱ्याला एकदा स्फोट करतं, म्हणजे सेकंदाला जितके फेरे तितकी कंपनं, तोच त्याचा सूर. खर्जातली काळी पाच म्हणजे सेकंदाला ११६ पेक्षा किंचित जास्त कंपनं. साठने गुणा, मिनिटाला जवळजवळ ७००० फेरे. तिच्यावरची, पुढच्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे सुमारे १३१ कंपनं, ७८५० फेरे. दोन स्वर वर, बारा टक्के वेग जास्त. सप्तक चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो, ते लगेच कळतं. मला तर हे बाजारातल्या फेरेमापकापेक्षा सुंदर वाटतं.

आता सांगा, तो कापलेला पिस्टन काढून नवा बसवला तर विकायचं काय आणि ठेवायचं काय?

मी गेली काही वर्षं कॉक्सच्या इंजिनांशी हेच उद्योग करतोय, फक्त माझ्याकडे पेटी नाही. बेब बीवर जास्त वाटा असलेला सिलिंडर चढवणं, डोक्याखालची तांब्याची चकती काढून दाब वाढवणं, झडपेची मूळ तांब्याची चांदणी मोडली तर प्लास्टिकच्या पातळ फिल्ममधून नवी कापणं. कॉक्सचं डोकं काढून त्या जागी उलट्या पिस्टनचं डोकं लावून तिला रॉकेल-इथरवर चालवणारेही आहेत. अमेरिकेत यासाठी तयार डोकी विकली गेली, आत टेफ्लॉनची चकती घालून दाब अडवणारी. तेच इंजिन मग मोठा पंखा सावकाश फिरवतं आणि इंधन पुरवून पुरवून पितं.

काकांची नऊही इंजिनं हाती आली तेव्हा जाम होती. जळलेलं एरंडेल वर्षानुवर्षांत लाखेसारखं घट्ट होतं. कुणाच्या घरी असं इंजिन असेल तर कृपा करून पक्कड लावू नका. हेअर ड्रायरने गरम करा, लाख मऊ होते, मग पंख्याला धरून हळूच हलवा. चिकटलेली काजळी काढायला गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट मंद आचेवर ठेवून त्यात सुटे भाग रात्रभर बुडवतात. हे भांडं पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही, वास विषारी आहे, गॅलरीतच करायचं. लाल-सोनेरी रंगाचे भाग त्यात टाकायचे नाहीत, रंग उडतो. आणि कॉस्टिक सोड्याचा मोह आवरा, तो अ‍ॅल्युमिनियमच खाऊन टाकतो.

तर दादाला मी असं कळवलंय. दोन बेब बी, इ.डी. आणि ती दोन अनोळखी इंजिनं (ओळख पटली की) खुशाल विकू, पैशांचे वाटे तो म्हणेल तसे. तीन अरोरा चालू करून दिल्या आहेत, भाचरांपैकी ज्यांना बोटं सोलून घ्यायची हौस आहे त्यांनी न्याव्यात. मिल्स आणि वही एकत्र राहतील, माझ्याकडे किंवा आणखी कुणाकडे, पण एकत्र. मिल्सच्या वाट्याचे पैसे मी सगळ्यांना देतो, संग्राहकाने 'मूळ रूपात आणल्यास' म्हणून जी किंमत सांगितली त्याच हिशेबाने. दादा अजून 'बघू' म्हणतोय.

दरम्यान मिल्स मोकळं झालं आहे, दाब छान धरतंय. इथर मिळालं की दिवाळीनंतर मैदानावर नेणार. आजीची पेटी जालन्याच्या आत्याकडे आहे. आत्या म्हणते काळी पाच अजून वाजते, पण थोडी उतरली असावी, म्हणजे आधी तिचा सूर तपासून घ्यावा लागेल.